नराला बोलावून घ्यायचं: वसंतातल्या टर्की शिकारीची तोंडओळख

जंगली टर्कीच्या विणीच्या दिवसांत रीत ठरलेली असते. नर पहाटे झाडावरूनच ओरडायला लागतो, उजाडलं की खाली उतरतो, पिसारा फुलवतो आणि एखाद्या मोकळ्या तुकड्यात मिरवत राहतो. उठून जायचं ते मादीनं. वसंतातली शिकार ही रीत उलटी करायला बघते. शिकारी झाडाला पाठ लावून बसतो, मादीचा आवाज काढतो आणि नराला म्हणतो, आज तू ये. नराला ते सहसा पटत नाही. ही शिकार अवघड का, तिच्यात धोका नेमका कुठे आहे, परवान्यावर फक्त नराचीच मुभा का असते, सकाळी नऊ वाजता कंटाळून घरी का जाऊ नये, या सगळ्याची उत्तरं याच उलट्या रीतीत सापडतात. म्हणून बंदुकीच्या दुकानात शिरण्याआधी पक्षी समजून घेतलेला बरा.

त्याआधी एक खुलासा. इथलं सगळं अमेरिकेपुरतं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, तेव्हा इथे शिकलेली विद्या सुट्टीत गावी जाऊन तितरांवर चालवायची नाही. अमेरिकेत मात्र हा परवान्यानं, कोट्यानं आणि तारखांनी बांधलेला कायदेशीर उद्योग आहे. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींना त्याची ओळख बहुधा ऑफिसातच होते. एखादा सहकारी एप्रिल-मेमध्ये पहाटे तीनला उठून रानात जातो आणि दहाच्या मीटिंगमध्ये डुलक्या घेतो. त्याला सहज विचारलं की तो पुढच्या शनिवारी चल म्हणतो, आणि प्रकरण सुरू होतं.

पक्षी कसा आहे

थँक्सगिव्हिंगच्या ताटातली पांढरी, फार्मवरची टर्की डोक्यातून काढून टाका. ती इतकी जड असते की तिला उडता येत नाही. जंगली टर्की काळपट-तांबूस, उन्हात तांब्यासारखी चमकणारी, उंच पायांची असते. जोरात पळते, वेळ आली तर झपाट्यानं उडते आणि रात्र झाडावर काढते. मोर आणि टर्की एकाच कुळातले. पावसाळ्यात लांडोरीपुढे पिसारा थरथरवणारा मोर ज्यानं पाहिलाय, त्याला टर्कीच्या नराचा तोरा समजावून सांगावा लागत नाही. फरक इतकाच की याचा पिसारा आखूड, पंख्यासारखा असतो आणि डोक्याला पिसं नसतात. त्या उघड्या डोक्याचा रंग मनःस्थितीप्रमाणे लाल, पांढरा, निळा असा बदलतो. हे तीन रंग पुढे सुरक्षिततेच्या मुद्द्यात परत येणार आहेत.

पूर्ण वाढलेला नर साधारण आठ ते दहा किलोचा, मादी त्याच्या निम्मी. नराला गॉब्लर किंवा टॉम म्हणतात, वर्षभराच्या तरण्या नराला जेक, मादीला हेन. नराच्या छातीवर घोड्याच्या शेपटीच्या केसांसारखा एक झुबका लोंबत असतो, त्याला बिअर्ड म्हणतात. तीही मुळात पिसंच. जेकची बिअर्ड बोटभर असते आणि पिसारा फुलवला की मधली पिसं बाकीच्यांपेक्षा वर आलेली दिसतात. मोठ्या नराचा पंखा सगळीकडून सारखा गोल. काही थोड्या माद्यांनाही बिअर्ड असते. म्हणून बऱ्याच राज्यांचा नियम ‘बिअर्ड असलेला पक्षी’ अशा शब्दांत लिहिलेला असतो. नियम काहीही असो, बिअर्डवाली मादी सोडून द्यावी असं माझं मत आहे.

अमेरिकेत टर्कीच्या पाच उपजाती आहेत. पूर्वेकडच्या जंगलांत ईस्टर्न, फ्लोरिडात ओसिओला, टेक्सासपासून कॅन्ससपर्यंतच्या मोकळ्या प्रदेशात रिओ ग्रांदे, पश्चिमेच्या डोंगरांत मेरियम्स आणि मेक्सिकोच्या सीमेलगत गूल्ड्स. पाचही जातींच्या मागे देशभर हिंडणारे शौकीन आहेत. नवख्यानं तिकडे बघूही नये. घराजवळ जी आहे तीच आपली.

या पक्ष्याची शिकार आज करता येते यामागे एक मोठी कहाणी आहे, ती थोडक्यात सांगतो. जंगलतोड आणि बाजारासाठी झालेली बेसुमार शिकार यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टर्की बहुतेक राज्यांतून संपत आली होती. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडून पाहिले, ते टिकले नाहीत. १९५० च्या दशकात तोफेसारख्या नळ्यांतून जाळं उडवून रानातला अख्खा कळप पकडायचं तंत्र आलं. मग जिथे टर्की उरली होती तिथून पकडून जिथे नव्हती तिथे नेऊन सोडणं सुरू झालं. पैसा आला तो बराचसा शिकाऱ्यांच्याच खिशातून. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं रायफली, शॉटगन आणि काडतुसांवर जो अबकारी कर बसतो, तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. आज अलास्का सोडून सगळ्या राज्यांत जंगली टर्की आहे आणि देशभरातली संख्या साठ लाखांच्या घरात सांगतात. आग्नेयेकडच्या काही राज्यांत मात्र अलीकडे ती घटली आहे आणि तिथे हंगाम उशिरा सुरू करणं, कोटा कमी करणं असे उपाय झाले आहेत.

वसंतात फक्त नर का

टर्कीचा एक नर अनेक माद्यांशी जुळतो. माद्यांचं मीलन होऊन गेलं की काही नर कमी झाल्यानं पिल्लांच्या संख्येला फारसा फटका बसत नाही. मादी मारली तर अख्खं घरटं गेलं. हंगामाच्या तारखाही याच हिशेबानं ठरतात. बहुतेक माद्या अंड्यांच्या मागे लागल्यावर बंदुका रानात याव्यात, असा प्रयत्न असतो. दक्षिण फ्लोरिडात हंगाम मार्चमध्येच सुरू होतो, न्यूयॉर्क राज्यात १ मे उजाडावा लागतो.

शिकारीच्या दिवसाचं वेळापत्रकही मादीच ठरवते. मादी रोज एक याप्रमाणे दहा-बारा अंडी घालते आणि मग साधारण २८ दिवस उबवते. पहाटे नर झाडावरून गर्जतो तेव्हा माद्या जवळपासच्याच झाडांवर असतात. उतरल्या की त्याच्याकडे जातात. खऱ्या माद्या समोर असताना झुडपामागच्या खोट्या आवाजाला कोण विचारतो? नवखा शिकारी इथेच निराश होतो. पहाटे पंचवीस वेळा ओरडलेला नर सात वाजता एकदम गप्प होतो, आणि माणूस थर्मासातली कॉफी संपवून गाडीकडे निघतो. पण नऊ-दहाच्या सुमारास माद्या एकेक करून घरट्याकडे सटकतात. नर एकटा पडतो. सकाळी ज्या दिशेनं मादीचा आवाज आला होता ती जागा त्याच्या लक्षात असते, आणि तो कधी कधी न ओरडता, चोरपावलांनी तिथे येऊन उभा राहतो. न्यूयॉर्कमध्ये शिकारीची वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास ते दुपारी बारा अशी आहे. बाकी राज्यांत वेगवेगळी. जितकी मुभा असेल तितका वेळ बसा. पहाटेच्या गर्जना ऐकायला छान, पण नवख्याच्या हाती पक्षी लागायची शक्यता मला तरी उशिराच्या सकाळी जास्त वाटते.

आधी कान, मग बंदूक

हंगामाच्या आधीचे दोन-तीन आठवडे फक्त ऐकायला जायचं. उजाडण्याआधी एखाद्या उंच जागी उभं राहायचं आणि कुठून गर्जना येते ते नकाशावर टिपायचं. नर गप्प असेल तर घुबडाचा आवाज काढतात. अमेरिकेतलं बार्ड आउल हे घुबड आठ ठोक्यांच्या ठेक्यात घुमतं, आणि वसंतातला नर अशा कुठल्याही अचानक आवाजाला न राहवून उत्तर देतो. कावळ्याची काव, लांबून आपटलेलं गाडीचं दार, ढगांचा गडगडाट, त्याला काहीही चालतं. याला शॉक गॉबल म्हणतात. या दिवसांत मादीचा आवाज मात्र काढायचा नाही. तिथे मादी नाही हे नराला फुकटात शिकवण्यात काही शहाणपणा नाही.

दिवसा खुणा शोधायच्या. पाचोळा उकरून केलेली आळी दिसली तर कळप तिथे चरून गेला. विष्ठा इंग्रजी जे अक्षरासारखी वाकडी असेल तर नर, गोळा किंवा वेटोळं असेल तर मादी. धुळीच्या वाटेवर पावलांच्या दोन्ही बाजूंना बारीक रेघा ओढलेल्या दिसल्या तर फारच उत्तम. पिसारा फुलवून चालताना नर पंखांची टोकं जमिनीवर घासतो, त्या या रेघा. ती त्याची मिरवायची जागा, आणि तिथे तो पुन्हा येतो.

जमीन कुणाची हेही आधी बघायचं. नॅशनल फॉरेस्ट आणि राज्यांच्या वन्यजीव व्यवस्थापनाच्या जमिनी परवानाधारकांना सहसा खुल्या असतात. खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही. शेतकऱ्याच्या दारी दुपारच्या वेळी, साध्या कपड्यांत जावं, अदबीनं विचारावं, आणि तो नाही म्हणाला तरी आभार मानावेत. हंगाम संपल्यावर त्याला काहीतरी गोड नेऊन द्यायची पद्धत आपल्याला काही नवीन नाही.

आवाज काढायची साधनं

यांना कॉल म्हणतात, आणि दुकानात गेलं की त्यांच्या भिंतीच्या भिंती दिसतात. नवख्यानं लाकडी पेटीपासून सुरुवात करावी. बॉक्स कॉल म्हणजे हाताएवढी, वरून उघडी, पातळ भिंतींची लाकडी डबी. वर एका टोकाला स्क्रूनं बसवलेलं लांब झाकण, तेच तिचं दांडकं. झाकणाच्या खालच्या बाजूला खडू घासायचा आणि ते डबीच्या कडेवरून हलकेच ओढायचं. कडेवर घासलेलं लाकूड आधी किणकिणतं, मग आवाज एकदम खाली उतरतो, ‘की-यॉक’. उंच सुरातून खरखरीत सुरात होणारी ही घसरण म्हणजेच मादीची यल्प. झाकण कडेवरून उचलायचं नाही, पुढे-मागे छोटं हलवायचं, आणि एका दमात पाच-सहा यल्प. खडू तेलकट नको, आणि पावसात डबी भिजली की ती मुकी होते. तेव्हा प्लॅस्टिकची पिशवी जवळ ठेवावी.

दुसरा प्रकार पॉट कॉल. पाटीच्या दगडाची किंवा काचेची चकती आणि पेन्सिलीसारखी काडी. याचा आवाज मऊ निघतो. तिसरा डायफ्राम, म्हणजे टाळूला चिकटवायची घोड्याच्या नालेसारखी रबरी पट्टी. हात मोकळे राहतात हा तिचा मोठा फायदा, पण पहिले काही आठवडे उबळ येते आणि घरचे लोक वेड लागलं म्हणतात. गाडीत एकटे असताना सराव करा.

शब्दसंग्रह फार लागत नाही. यल्प म्हणजे मी इथे आहे. क्लक म्हणजे एकच तुटक ‘टक’, जवळ आलेल्याला दिलेली हाक. पर म्हणजे चरताना काढलेली समाधानाची गुरगुर. एवढ्या तिघांवर पहिली काही वर्षं निघतात. कटिंग वगैरे चढ्या आवाजातले प्रकार ऐकायला रोमांचक, पण नवखे त्यातच अडकतात आणि दर दोन मिनिटांनी वाजवत सुटतात. खरी मादी इतकी बडबडत नाही. नरानं उत्तर दिलं, तो जवळ येतोय असं वाटलं, की गप्प बसायचं. त्याला शोधू द्यायचं. आवाजात थोडी चूक चालते, खऱ्या माद्याही बेसूर असतात. जास्त वाजवणं मात्र नडतं.

बसायचं कुठे

अंधारात नराच्या झाडापासून शंभर-दीडशे यार्डांवर पोचायचं, बॅटरी कमीत कमी वापरायची. फार जवळ गेलात तर तो दुसऱ्या बाजूला उतरून निघून जातो. मग खांद्यांपेक्षा रुंद आणि डोक्यापेक्षा उंच असं झाड निवडायचं आणि त्याला पाठ लावून बसायचं. तुमची आकृती त्या बुंध्यात मिसळते आणि पाठीमागून कुणी चुकून गोळी झाडली तरी आड लाकूड असतं. या एका सवयीनं दोन्ही कामं होतात.

आता परत ती उलटी रीत. नर आवाजाच्या दिशेनं येतो, साठ-सत्तर यार्डांवर थांबतो, पिसारा फुलवतो आणि म्हणतो, मी आलो इतका, आता तू दिस. मादी दिसत नाही. तो पुढे येत नाही. दहा मिनिटं मिरवतो आणि निघून जातो. टर्कीच्या शिकाऱ्यांच्या बहुतेक रडकथा अशाच असतात. यावर उपाय कॉलमध्ये नसून बैठकीत आहे. अशी जागा निवडायची की ‘मादी’ जिथे असायला हवी तो तुकडा नराला दिसेपर्यंत तो तुमच्या पल्ल्यात आलेला असेल. लाकूडतोडीच्या जुन्या रस्त्याचं वळण, टेकाडाच्या माथ्यामागची थोडीशी उतरण, कुरणाच्या कडेचं दाट झुडूप. मोकळ्या कुरणात, दोनशे यार्डांवरून सगळं दिसेल अशा ठिकाणी बसणं दिसायला सोयीचं आणि उपयोगाला शून्य. तिथे निदान डिकॉय तरी हवा, म्हणजे मादीची नकली बाहुली, वीस यार्डांच्या आत रोवलेली.

टर्कीचे डोळे बाजूंना असतात आणि मान थोडी फिरवली की तिला सगळीकडचं दिसतं. रंगही तिला उत्तम दिसतात, अतिनील प्रकाशही काही प्रमाणात. म्हणून शिकारी डोक्यापासून बोटांपर्यंत झाकतात, तोंडावर जाळी, हातात मोजे, आणि कपडे ‘शुभ्रतेची चमक’ देणाऱ्या साबणात धूत नाहीत. वासाची फारशी चिंता करू नका. चिंता करायची ती हालचालीची. डास नाकावर बसला तरी हात उचलायचा नाही.

त्यामुळे बंदूक आधीच गुडघ्यावर टेकवून, नर ज्या बाजूनं यायची शक्यता आहे तिकडे रोखून बसतात. उजव्या हातानं बंदूक चालवणाऱ्यानं डावा खांदा त्या दिशेला ठेवावा, म्हणजे दोन्हीकडे वळायला जागा राहते. समोर आलेला नर एखाद्या जाड बुंध्यामागे गेला, त्याचं डोकं दिसेनासं झालं, की तेवढ्या दोन क्षणांत हलायचं. तो जवळ आला की गर्जनेपेक्षा वेगळाच आवाज येतो: आधी थुंकल्यासारखं ‘फ्ट’, मग पोटात घुमणारा ढोलाचा ‘घूंऽऽ’. तो कानांपेक्षा छातीला जास्त कळतो. त्या वेळी हात थरथरतात, सगळ्यांचेच थरथरतात.

बंदूक आणि पल्ला

इथे शॉटगन वापरतात, १२ किंवा २० गेजची (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप). काडतुसात गोळी एक नसते, छर्रे असतात, आणि ते पुढे जाताना पसरतात. त्यांनी मानेत आणि डोक्यात दाटीनं बसायला हवं. म्हणूनच घट्ट चोक लावतात, म्हणजे बंदुकीच्या तोंडाशी बसवायची, पुढे अरुंद होत जाणारी छोटी नळी, आणि शिशाचे ४, ५ किंवा ६ नंबरचे छर्रे घेतात. अलीकडे टंगस्टनचे बारीक आणि महाग छर्रेही आले आहेत. कुठल्या आकाराला परवानगी आहे हे राज्य ठरवतं.

बंदूक तीच, काडतूस दुसऱ्या कंपनीचं, आणि छर्‍यांची दाटी पूर्ण वेगळी, असं सर्रास होतं. म्हणून हंगामाआधी कागदावर झाडून बघायलाच हवं. टर्कीच्या डोक्यामानेचं चित्र वीस, तीस, चाळीस यार्डांवर लावा. ज्या अंतरावर छर्रे विरळ व्हायला लागले तो तुमचा पल्ला संपला. चाळीस यार्ड ही साधारण शेवटची मर्यादा धरतात. नवख्यानं तिशीच्या आत राहावं. जिथे बसाल तिथे अंधार सरल्यावर एखादा दगड, एखादं पडलेलं ओंडकं डोळ्यांनी नेमून ठेवायचं, त्याच्या अलीकडे आला तरच झाडायची. पिसारा फुलवलेल्या नराची मान आत ओढलेली असते, तेव्हा थांबा. एक जोराचा क्लक केला की तो मान ताठ करून बघतो. नेम मानेच्या मध्यावर, जिथे पिसं संपून लाल कातडी सुरू होते. जखमी होऊन पळालेला पक्षी सापडणं फार कठीण.

खरा धोका

तुम्ही टर्कीसारखे दिसत नाही, पण टर्कीसारखे ऐकू येता. झाडाझुडपात लपलेला, बुंध्याच्या रंगात मिसळलेला, मादीचा हुबेहूब आवाज काढणारा माणूस. आणि त्याच टेकडीवर तशाच आवाजाच्या शोधात असलेला दुसरा माणूस, हातात भरलेली बंदूक. या शिकारीतले अपघात बहुतेक असेच होतात. दुसरा शिकारी आवाजाच्या दिशेनं सरपटत जातो, झुडपात लाल-पांढरं काही हललेलं बघतो आणि झाडतो.

म्हणून अंगावर लाल, पांढरं, निळं काहीही नको. मोजे, रुमाल, टीशर्टची गळपट्टीसुद्धा. नराच्या डोक्याचे ते रंग आहेत. गर्जनेच्या मागे लपतछपत जायचं नाही, ती गर्जना कुणाच्या तरी कॉलची असू शकते. स्वतः नराच्या गर्जनेचा कॉल सार्वजनिक जमिनीवर वाजवू नका, आणि पिसाऱ्याच्या पंख्यामागे लपून पुढे सरकण्याचे जे व्हिडिओ फिरतात ते बघून तसलं काही करायला जाऊ नका. दुसरा शिकारी दिसला तर हात हलवायचा नाही, शिट्टी वाजवायची नाही. बसल्या जागी, न हलता, माणसाच्या भाषेत मोठ्यानं ओरडायचं. ती सकाळ वाया गेली तर जाऊ दे. चालताना भडक नारिंगी टोपी घाला, मारलेला पक्षी आणि डिकॉय नारिंगी पिशवीत घालूनच न्या. आणि बिअर्ड, डोकं, त्यामागे काय आहे, हे तिन्ही स्वच्छ दिसल्याशिवाय बोट घोड्यावर जाता कामा नये.

दुसरा धोका बारीक आहे: गोचीड. पूर्वेकडच्या रानात वसंतात त्या भरपूर असतात आणि लाइम रोग पसरवतात. कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारा, घरी आल्यावर अंग नीट तपासा. लोन स्टार नावाची एक गोचीड चावल्यावर काही जणांना मटण, बीफ, पोर्क यांची अ‍ॅलर्जी होते. ती झालेल्या माणसाला कोंबडी आणि टर्की चालते, मटणाचा रस्सा चालत नाही. आपल्याकडच्या किती लोकांना ही शिक्षा कशी वाटेल, ते सांगायला नको.

कागदपत्रं, आणि व्हिसावाल्यांसाठी वेगळं

प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा. आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स. बऱ्याच राज्यांत बराचसा भाग ऑनलाइन होतो, काही ठिकाणी प्रत्यक्ष वर्गही असतो. मग शिकारीचा परवाना, त्यावर टर्कीचा स्वतंत्र परमिट किंवा टॅग. काही राज्यांत भागवार सोडत निघते आणि तिचे अर्ज हिवाळ्यातच भरावे लागतात, तेव्हा मार्चमध्ये जागे झालात तर वर्ष गेलं. न्यूयॉर्कमध्ये वसंतात दिवसाला एक आणि हंगामात दोन बिअर्डवाले पक्षी इतकी मुभा आहे. दाणे टाकून पक्षी बोलावणं बहुतेक सगळीकडे गुन्हा आहे. नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा राज्याच्या वन्यजीव खात्याची त्या वर्षाची पुस्तिका वाचा. मित्राच्या आठवणीवर विसंबू नका.

आता एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ वाल्यांनी हे नीट वाचा. अमेरिकेचा केंद्रीय कायदा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई करतो. त्याला अपवाद आहेत, आणि त्यातला एक म्हणजे कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणं. म्हणजे क्रम महत्त्वाचा: आधी परवाना, मग बंदुकीला हात. मित्राची बंदूक ‘जरा धरून बघतो’ हेही परवान्याआधी नको, आणि परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला. शिवाय राज्याचे स्वतःचे बंदुकीचे कायदे वेगळे. न्यू जर्सीसारख्या राज्यात ते बरेच कडक आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही केंद्रीय मनाई लागू होत नाही. व्हिसावर असाल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारण्यात गेलेले पैसे सगळ्यात चांगले गेले असं समजा. इथे चूक झाली तर दंडावर भागत नाही, देश सोडायची वेळ येऊ शकते.

बंदुकीच्या भानगडीत पडायचंच नसेल तर धनुष्य किंवा क्रॉसबो हा मार्ग बऱ्याच राज्यांत खुला असतो, पण बाणानं टर्की मारणं नवख्याचं काम नाही. पहिल्या वर्षी जाणत्या माणसासोबत नुसतं बसायला जाणं हा त्याहून चांगला पर्याय. मात्र दुसऱ्यासाठी कॉल वाजवणाऱ्यालाही काही राज्यांत परवाना लागतो, हे आधी बघा.

पक्षी पडल्यावर

डोक्यात छर्रे लागलेला पक्षीही मिनिटभर जोरात फडफडतो. बंदुकीची सेफ्टी, म्हणजे घोडा अडवणारी कळ, लावा, नळी कुणाकडे वळलेली नाही हे बघा आणि मग जवळ जा. पायाच्या मागची नखी टोकदार असते, उघड्या हातानं पाय पकडू नका. टॅग तिथेच भरून पक्ष्याला बांधायचा, आणि राज्यानं दिलेल्या मुदतीत फोनवर किंवा ऑनलाइन नोंद करायची. मेमधली सकाळ बघता बघता तापते, म्हणून आतडी लवकर काढून आत बर्फाची पिशवी ठेवा.

बरेच शिकारी फक्त छातीचं मांस काढून घेतात आणि पाय टाकून देतात. आपण तसं करायचं कारण नाही. छाती कोरडी पडते, तिला चरबीच नसते. पातळ काप करून, दही लावून, मोठ्या आचेवर झटकन परतली तर मऊ राहते. पाय मात्र चिवट असतात, आयुष्यभर डोंगर चढलेले. त्यांच्यातल्या काड्यांसारख्या कडक शिरा शिजवण्याआधी ओढून काढायला जाऊ नका. आलं-लसूण, हळद, मीठ लावून कुकरमध्ये कोंबडीच्या दुप्पट-तिप्पट वेळ द्या, मांस हाडावरून सुटलं की शिरा आपोआप वेगळ्या होतात, मग ते सोडवून भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात घाला. कुकरमधलं पाणी फेकू नका, रस्सा त्याचाच करायचा.